आपल्या हातचा सलाम

वाचन : 2 थेस्सलनीकाकरांस 3:17, फिलेमोन 17-19



नाताळ जवळ आला की शब्बाथशाळेत जाड कागद, घोटीव कागद, कात्र्या आणि डिंकाची बाटली बाहेर निघते व मुले भेटकार्डे करू लागतात. हा केवळ वेळ घालवण्याचा छंद आहे काय? शास्त्राच्या उजेडात आपण थोडा विचार करू या.

नाताळाचे पहिले छापील भेटकार्ड 1843 साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या गृहस्थांना आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापून हाताने रंगवण्यात आल्या. त्या कार्डाच्या मध्यभागी मेजवानीला बसलेले कुटुंब आहे. पण दोन्ही बाजूंस भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देणारी माणसे आहेत. मत्तयाचा 25 वा अध्याय वाचणाऱ्यांस त्यांची ओळख सांगायला नको. मेजवानी तेवढी पाहायची आणि कडेची चित्रे विसरायची, हा मोह आपल्यापुढे आजही आहे.

आता पौलाकडे पाहू. रोमकरांस पत्र लिहिताना लेखणी तर्तियाच्या हाती होती. तरीही शेवटचा सलाम स्वतःच्या हाताने लिहिणे, ही पौलाच्या पत्रांची खूण होती. फिलेमोनाला तर अनेसिमाचे देणे फेडण्याची हमीच त्याने स्वहस्ते लिहून दिली. तेव्हा स्वहस्ते लिहिणे म्हणजे स्वतःला बांधून घेणे होय. मोबाईलवर आलेले चित्र क्षणात शंभर जणांना पाठवता येते. त्यात वाईट काही नाही; पण त्यासाठी कोणा एकाची आठवण करावी लागत नाही. हाताने कार्ड करायला बसलो की ते कोणासाठी, हा प्रश्न पहिल्या घडीलाच उभा राहतो.

शिक्षकहो, कागद त्याच्या तंतूंच्या दिशेने दुमडला तर घडी नीट बसते, आडवा दुमडला तर कड तडकते, हे मुलांना जरूर शिकवा. जुन्या दिनदर्शिकेतले चित्र, वहीत दाबून वाळवलेले फूल, काहीही चालेल. मात्र त्यांची वाकडी अक्षरे पुसून सरळ करू नका. आणि कात्री हाती देण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक नाव मागा : अंथरुणाला खिळलेली आजी, मुले परगावी गेलेले वृद्ध जोडपे, वर्गात येईनासा झालेला सोबती. ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना जेवावयास बोलवा, असे प्रभूने शिकवले (लूक 14:12-14). कार्डालाही तोच नियम लावू या.

आपणा मोठ्यांपुढेही एखादे नाव असते, जे लिहिताना हात अडखळतो. एकाच मंडळीत, एकाच प्रार्थनेला आमेन म्हणूनही ज्याच्याशी आपले वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्याचे ते नाव. तेथे छापील शुभेच्छा पुरत नाहीत. दोन ओळी आपल्याच अक्षरांत लिहाव्या लागतात, आणि आम्हांस वाटते, ते कार्ड टपालात न टाकता त्याच्या दारी जाऊन द्यावे. देवानेही संदेष्ट्यांच्या द्वारे निरोप पाठवले, पण अखेरीस पुत्रच आपल्या दारी आला. नाताळ तो हाच.

त्या एका दारापर्यंत जाण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.