पाहुण्याचे सोळा बार

गायिका दोन कडवी म्हणते, मुखडा दोनदा येऊन जातो आणि मग एक पुरुष मध्येच बोलायला लागतो. चाळीसेक सेकंदांत आपलं नाव, आपला एरिया, आपला रुबाब तालात सांगून तो निघून जातो. गायिका परत येते आणि तोच मुखडा म्हणते, जणू मधल्या वेळात ती तिथे नव्हतीच. पॉप सिंगलचा हा साचा आता इतका रुळलाय, की शीर्षकात ‘फीचरिंग’ दिसलं की पुढचं सगळं आधीच कळतं. माझी तक्रार पाहुण्या रॅपरबद्दल नाही. तो बोलून गेल्यावर बाईला काहीच म्हणायचं नसतं, याबद्दल आहे.

का नसतं, याचं निम्मं उत्तर तांत्रिक आहे. पुण्यात कात्रजला, आंबेगाव पठाराकडच्या गल्ल्यांत, भाड्याच्या खोलीतच स्टुडिओ थाटणारी पोरं आहेत. अशा एका खोलीत मी एक रेकॉर्डिंग पाहिलं. भिंतींना काळा फोम, खिडकीला उभी केलेली गादी, पंखा बंद, सगळे घामाघूम. कंडेन्सर माइक बाहेरच्या ट्रकचा हॉर्न बरोबर पकडतो, म्हणून टेक मध्येच सोडायचा, ट्रक जाऊ द्यायचा. गायिकेने मुखडा नीट एकदाच गायला. लॅपटॉपवर तो कापून पुढे दोन ठिकाणी चिकटवला. मधले १६ बार मोकळे ठेवले; ९० च्या टेम्पोला ते साधारण ४३ सेकंद होतात. रॅपर आपल्या गावी बीट ऐकणार, व्हर्स लिहिणार आणि फाइल पाठवणार. भेट झालीच तर व्हिडिओच्या शूटला. म्हणजे पाहुणा काय बोलणार हे ठरण्याआधीच शेवटचा मुखडा गाऊन झालेला असतो. उत्तर येणार कुठून?

सुरुवात अशी नव्हती. रॅप असलेलं जे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्यांदा अव्वल ठरलं, ते १९८१ सालचं ब्लाँडीचं ‘रॅप्चर’, आणि त्यातला रॅप गायिका डेबी हॅरीने स्वतःच केलेला. पाहुणा बोलवावा लागला नाही. तीनच वर्षांनी चाका खानने प्रिन्सचं ‘आय फील फॉर यू’ गायलं आणि त्यात रॅपर मेली मेल आला. त्याने घेतलेलं तिचं नाव अडखळत, तुटत पुन्हा पुन्हा वाजतं. निर्माता आरिफ मार्डिनचा यंत्रावरचा हात घसरला आणि ते तसंच राहू दिलं, अशी त्याची कथा सांगतात. बाईच्या गाण्यातली सगळ्यात लक्षात राहणारी जागा म्हणजे पुरुषाने घेतलेलं तिचं नाव! १९९५ च्या ‘फँटसी’च्या रिमिक्समध्ये मराया कॅरीच्या रेशमी आवाजाशेजारी ओल डर्टी बास्टर्डचा राठ आवाज आला आणि पायंडा पक्का झाला.

आपल्याकडे बाईच्या गाण्यात पुरुषाने घुसणं मुळीच नवं नाही. तमाशातली गौळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात. पण तिथे अडवणूक झाल्यावर गंमत सुरू होते. मावशी पदर खोचून पुढे येते, पेंद्याची फजिती करते, शब्दाला शब्द लागतो. अडवणाऱ्याला प्रत्युत्तर मिळणार म्हणूनच त्याला मध्ये येऊ दिलेलं असतं. सवाल टाकला आणि जवाब न घेता निघून गेला, असा शाहीर फडावर टिकला नसता.

अर्थात या परंपरेचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. मावशीच्या लुगड्यात पुरुषच असतो. लावणीतल्या बाईचे नखरे आणि रुसवे शाहिरांनी लिहिलेले. पवळाबाईंनी फड गाजवला, पण शब्द पठ्ठे बापूरावांचे. २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ देशभर वाजलं, त्यातही फोटो काढ म्हणणारी बाई आहे आणि आवाज मात्र संजू राठोडचा. बाईच्या तोंडचं बोलणं पुरुषाने लिहायची ही सवय जुनी आहे. म्हणून सृष्टी तावडेसारखी मुलगी २०२२ मध्ये ‘हसल’ या रॅपच्या टीव्ही स्पर्धेच्या मंचावर स्वतःचे बार स्वतः लिहून म्हणते, तेव्हा पाहुणा हवाच कशाला, असं वाटून जातं.

हवा असतो तो हिशेबासाठी. दोन नावं लागली की गाणं दोघांच्याही चाहत्यांपुढे जातं, आणि कात्रजच्या खोलीतून निघालेल्या नवख्या गायिकेला तो आधार नाकारायला सांगणारी मी कोण? पाहुणा येऊ दे. पण त्याचा रॅप आल्यावर शेवटचा मुखडा दोन ओळी बदलून पुन्हा का गात नाही, असं मी तिथे विचारलं. गायिका लगेच तयार झाली. बीट बनवणारा म्हणाला, मुखडा बदलला तर रीलला कुठला तुकडा वापरायचा?

पहिला वापरा की! शेवटचा मुखडा रीलसाठी कोण कापून घेतं?