नोंदवहीतील नाव

आमच्या हैद्राबादेत निजामाच्या अमदानीत 1919 साली एक कायदा झाला. शहरातील षंढांची नावे नोंदवहीत लिहावयाची. नोंदलेली व्यक्ती रस्त्यात स्त्रीवेषात वा दागिने घालून दिसली तर वॉरंटाशिवाय अटक, आणि दोन वर्षांपर्यंत कैद! चोरी नाही, मारामारी नाही. बांगड्या हाच गुन्हा. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, पण केव्हा? 2023 साली.

आपणही साऱ्यांना एकाच शब्दात कोंबतो. वास्तविक, मी अंतरी पुरुष की स्त्री, हा एक प्रश्न. माझे मन कोणाकडे ओढ घेते, हा निराळा. तृतीयपंथी व्यक्ती समलिंगी असेलच असे नाही.

विवाहाविषयी मंडळीत मतभेद आहेत, आणि मलाही सारे उलगडले आहे असे नाही. परंतु गेल्या वर्षी साडी नेसलेली अशी एक व्यक्ती उपासनेस आली, तेव्हा मागचे बाक मीच दाखविले. फिलिप्प तर षंढाच्या रथात चढून शेजारी बसला होता (प्रे. कृत्ये 8). त्या दिवशीचा पाठ यशया 56 : देव षंढांना आपल्या घरात पुत्रकन्यांहून उत्तम नाव देतो. वाचनही मीच केले.

ती पुन्हा आली नाही. तिचे नाव मी विचारले नव्हते.