अठ्ठावीस दिवसांचा महिना

२०२५ साली कावेरीवरचं मेट्टूरचं धरण १२ जूनला उघडलं आणि दुसऱ्या दिवशी मी तंजावरला उतरले. मामांचं गाव तिरुवैयारूच्या पुढे, कुडमुरुट्टीच्या काठी. नदी अजून कोरडीच होती, पात्रात शेळ्या चरत होत्या. मेट्टूरहून सुटलेलं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचायला दोन-तीन दिवस घेतं, तिथून वाटण्या होत होत ते या गावात येतं. मामा तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओसरीवर, बसले होते. फोन शेजारीच पडलेला. रिचार्जची मुदत संपून आठवडा झाला होता.

“मामा, मी काळजीनं अर्धी झाले. दर महिन्याला हे विसरणं नको. वर्षाचं रिचार्ज मारून टाकते, तुमचं आणि तुमची जमीन कसतात त्यांचंही.”

“माझं काय ते कर. त्याचं मात्र त्याला विचारल्याशिवाय नको.”

मामा शाळामास्तर होते. सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ या मुलखात राहिलेल्या घराण्यातली त्यांची मराठी. तिच्यात तमिळ शब्द येतात आणि पुण्यात कधीच हरवलेले जुने मराठी शब्दही येतात. पण हिशेब निघाला की मामांमधला मास्तर जागा होतो. मी फोनवर आकडे दाखवले. १९९ रुपयांत २८ दिवस किंवा १९९९ रुपयांत ३६५ दिवस. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, २५८७ रुपये. वर्षाचं एकदम घेतलं तर ५८८ वाचत होते.

“तेरा,” मामा म्हणाले. “आपल्या पंचांगात अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो. यांच्याकडे तो दरवर्षी येतो आणि त्याचे पैसे पडतात.”

“२०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांना सांगितलं, की तीस दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा एक ठेवा.”

“ठेवा म्हणाले. अठ्ठावीसचा बंद करा असं नाही म्हणाले. बरं, ते राहू दे. हे ५८८ रुपये कंपनी तुला कशाबद्दल सोडते?”

“पैसे आधी दिले म्हणून.”

“एवढंच? आधी दिलेल्या पैशाचं व्याज इतकं होत नाही. त्याशिवाय तू काहीतरी विकलंस. त्याला नाव दे.”

मी विचार केला. “निघून जायची मोकळीक.”

“बरोबर. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण नंबर तुझ्याबरोबर येतो, उरलेले दिवस येत नाहीत. दहा महिने शिल्लक असताना निघालीस तर ते दहा महिने तिथेच राहिले.”

“पण मामा, तुम्ही कधी कंपनी बदललीत? कधी वापरलीच नाही अशा मोकळिकीसाठी वर्षाला ५८८ रुपये मोजायचे? आणि उलट बाजू बघा. जुलै २०२४ मध्ये बड्या कंपन्यांनी दर वाढवले. ज्यांनी जूनमध्ये वर्षाचं भरलं होतं त्यांना वर्षभर झळ लागली नाही. महिन्याचं भरणारे पुढच्याच खेपेला सापडले.”

“त्यातले पुष्कळ बीएसएनएलकडे गेलेही.”

“जिथे टॉवर होता तिथले. तुमच्या या गल्लीत किती कंपन्यांचं नेटवर्क नीट येतं?”

“एकीचं.”

“मग मोकळीक कागदावरचीच झाली. माझी मैत्रीण लंडनला असते. तिथे महिन्याचं सिम मिळतं, तसंच दोन वर्षांच्या करारानंही मिळतं. तिकडच्या करारात ग्राहक बांधलेला आणि कंपनी मात्र दर वर्षी महागाईच्या आकड्यानं हप्ता वाढवणार, असं चालायचं. या वर्षीच्या जानेवारीपासून नव्या करारांत ते बंद झालं. वाढ करायची तर ती पौंडांत आधीच लिहून द्यावी लागते. आपल्याकडे वर्षाचं भरलं की भाव गोठला. आपलं बरं आहे.”

मामांनी हे मान्य केलं. त्यांना हरायला संकोच नसतो, म्हणून त्यांच्याशी वाद घालायला मला आवडतं. ते आत गेले, लोटाभर पाणी पिऊन आले आणि दुसऱ्याच टोकानं सुरू झाले.

“वर्ष लहान आहे. याहून लांबचा करार आठवतो? लाइफटाइम.”

मला आठवत होता. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘आयुष्यभर’ इनकमिंगची जाहिरात झाली आणि मग सगळ्यांनीच तसली कार्डं काढली. मामांनीही एक घेतलं होतं.

“त्यातलं आयुष्य माझं नव्हतं, कंपनीच्या परवान्याचं होतं, हे नंतर कळलं. २०१८ च्या शेवटी किमान रिचार्जची अट आली, तेव्हा तेही संपलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इथे तमिळनाडूत काय झालं? एअरसेल इथलीच कंपनी, गावोगाव तिचेच फोन. ती दिवाळखोरीत गेली, नेटवर्क विझलं आणि लाखो लोक नंबर वाचवायला धावले. करार मोडला असं कुणी म्हटलं नाही. पलीकडचा पक्षच उरला नाही.”

“म्हणजे लांबचा करार करूच नये?”

“मी तसं म्हणत नाही. तंजावरचा माणूस असं म्हणूच शकत नाही.” मामांनी मोठ्या देवळाच्या दिशेला हात केला. “बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो १८०३ सालचा. त्याच्या चारच वर्षं आधी, १७९९ मध्ये, राज्याचा कारभार त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला लिहून दिला होता. बदल्यात वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्या पैशावर सरस्वती महाल ग्रंथालय वाढलं, अन्नछत्रांत वाटसरू जेवले. छप्पन्न वर्षं करार टिकला. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे मुलगा नसताना वारले आणि कंपनीनं गादीच संपली असं ठरवलं. कराराचा अर्थ काय, हे दोघांपैकी एकानंच सांगितलं.”

“पण त्या छप्पन्न वर्षांत ग्रंथालय उभं राहिलं ना? दर महिन्याला नवा करार करत बसले असते तर?”

“तेच मला कळत नाही,” मामा हळूच म्हणाले. “बांधून घेतल्याशिवाय काही उभं राहत नाही, आणि बांधून घ्यावं तर दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही.”

ऊन उतरत होतं. मी मूळ मुद्द्यावर आले. जमीन कसणाऱ्यांना मी वर्षाचं रिचार्ज दिलं तर त्यात वाईट काय? आज १९९९ रुपये एकदम काढू शकेल त्याला वर्ष स्वस्त पडतं. ज्याच्याकडे ते नाहीत तो वर्षअखेर ५८८ रुपये जास्त भरतो. गरिबाला महाग, हा अन्याय मला डाचत होता. नांगरट, बियाणं, रोपवाटिका या सगळ्याचा खर्च जूनमध्येच येतो.

“हे खरं आहे, आणि वाईट आहे,” मामा म्हणाले. “पण त्याचं ऐक. माझी दहा मा जमीन त्याच्याकडे आहे, सव्वातीन एकरांच्या वर. आधी कुत्तगै होती, म्हणजे ठरलेला खंड, पिको न पिको. गेल्या वर्षी मेट्टूर २८ जुलैला उघडलं, कुरुवै भाताचा हंगाम हातचा गेला. तेव्हा तो म्हणाला, अय्या, आता वारम करू, पिकेल त्यातला वाटा. तुझं वर्षाचं रिचार्ज कुत्तगैसारखं आहे. पाणी येवो न येवो, पैसे गेलेले. महिन्याचं असलं की वाईट महिन्यात तो फोन बंद ठेवतो. ही त्याची वारम आहे.”

“पण पैसे मी भरणार आहे, मामा! त्यांचे जाणारच नाहीत.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

“त्याचा आजा या गावात पण्णैयाळ होता. मालकाकडे बांधलेला शेतगडी. पोंगलला धोतर, अडीनडीला भात, लग्नाला उचल; सगळं मालक द्यायचा आणि त्या देण्यानंच तो बांधला जायचा. १९५२ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, मजुरी ठरली, काढून टाकायला आडकाठी आली. मग मालकांनी पण्णैयाळ ठेवणंच कमी केलं, रोजंदारीची माणसं लावली. बांधलेला होता तेव्हा हक्क नव्हता. हक्क आला तेव्हा ज्याच्यावर सांगायचा तो मालकच सुटून गेला.”

“रिचार्जची आणि त्याची तुलना होत नाही.”

“होत नाही. मी ताणतोय. पण मालकाच्या घरातून वर्षभराची वस्तू आली की या गावात ती नुसती वस्तू राहत नाही, हे तुला पुण्याहून दिसणार नाही.”

मला ते पूर्ण पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. मदतीला नाही म्हणायची ताकद ज्याच्यात नसते, त्याला मदत करूच नये, हा निष्कर्ष मला भयंकर वाटतो. पण विचारल्याशिवाय नको, एवढं पटलं.

संध्याकाळी जमीन कसणारे स्वतःच आले. मामांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं, आकडेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि बोटं मोजू लागले. इंटरनेट नसलेलं, फक्त बोलण्याचं स्वस्त रिचार्ज आता मिळतं, हे मी सुचवलं. त्यांनी नाही म्हटलं, मुलगा तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात आहे, नातवाचा चेहरा इंटरनेटवरच दिसतो.

मग ते जे म्हणाले ते मामांनी मला सांगितलं. “चौऱ्याऐंशी दिवसांचं दे म्हणतो. उसने म्हणून. आज घेतलं तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. तेव्हा कुरुवै उभी असेल, कापणीला अजून तीन-चार आठवडे. मधला एक अठ्ठावीसचा तो स्वतः भरेल. खरेदी केंद्रावर भात मोजून घेतला की तुझे पैसे देईल आणि वर्षाचं स्वतःच्या पैशानं घेईल. पाणी वेळेवर आलं तर.”

“आणि नाही आलं तर?”

मामांनी त्यांना विचारलं. ते हसले, खांदे उडवले आणि एकच शब्द बोलले. “अठ्ठावीस.”

मी त्यांच्या नंबरवर चौऱ्याऐंशी दिवस भरले, मामांच्या नंबरवर वर्ष. मामांनी हरकत घेतली नाही. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, मला वर्ष परवडतं, म्हणाले. फोन सुरू झाल्या झाल्या त्यांनी तिरुक्काट्टुप्पळ्ळीच्या ओळखीच्या माणसाला लावला, कल्लणैची काही खबर आहे का विचारायला. जमीन कसणारे तिथेच पायरीवर थांबले होते, मामांच्या चेहऱ्याकडे बघत.