पिवळ्या लेबलामागचं पान

खालचा संवाद कल्पित आहे. त्यातलं कॉमिक, कायद्याची कलमं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडण मात्र खरं. आत्या पुण्यात दिवाणी वकिली करून निवृत्त झालेली, सध्या न्यू जर्सीत एडिसनला भाच्याकडे मुक्कामाला. भाच्याला जुनी कॉमिक जमवण्याचा नाद.

भाचा: हा 'द इनक्रेडिबल हल्क'चा 181वा अंक. नोव्हेंबर 1974ची तारीख, किंमत तेव्हा 25 सेंट. वुल्व्हरिन पूर्णपणे पहिल्यांदा दिसला तो ह्यात. आदल्या अंकात शेवटी शेवटी नुसता डोकावला होता. आणि मुखपृष्ठावर सही आहे लेखकाची, लेन वीनची.

आत्या: ती दिसतेय. पण उघडायचं कुठून हे?

भाचा: उघडायचंच नाही. ह्याला स्लॅब म्हणतात. फ्लॉरिडात सॅरासोटाला सीजीसी नावाची कंपनी आहे, 2000 साली निघालेली. ते लोक प्रत पान न् पान तपासतात, 0.5 ते 10 मधली एक ग्रेड देतात आणि अशी प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. निळं लेबल साध्या प्रतीला. रंग भरलेली, डागडुजी केलेली असेल तर जांभळं. एखादा मोठा दोष वेगळा नोंदवायचा असेल तर हिरवं. आणि कंपनीच्या माणसासमोर सही झालेली असेल तर पिवळं. माझं पिवळं आहे, ग्रेड 9.0.

आत्या: छान. मग तोंड का असं झालंय?

भाचा: त्या काळात हे कॉमिक छापणारे मार्व्हलवाले वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटं तिकीट छापायचे, 'व्हॅल्यू स्टॅम्प'. पोरांनी ते कापायचं आणि वहीत चिकटवायचं. पहिल्या मालिकेत शंभर तिकिटं होती. ह्या अंकात शॅना द शी-डेव्हिलचं. पोरांनी इमानदारीत कात्री चालवली. त्यामुळे ह्या अंकाच्या कित्येक प्रती बाहेरून कोऱ्या करकरीत आणि आत भोक. माझीही तशीच होती. ज्याच्याकडून घेतली त्याच्याजवळ आणखी एक प्रत होती, मुखपृष्ठाच्या चिंध्या झालेली पण आतून शाबूत. त्यानं माझ्यासमोर दोन्हींच्या पिना उघडल्या, तो एक दुमडलेला कागद तिकडून काढून इकडे घातला आणि जुन्याच भोकांतून पिना परत वळवल्या. पुढे एका कन्व्हेन्शनला मी सही घेतली, साक्षीदार शेजारी उभा होता, प्रत तिथूनच ग्रेडिंगला गेली. पान बदललंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अशा पानाला इथे 'मॅरिड' म्हणतात.

आत्या: लग्न लावलंस, आणि पत्रिकेत नावच नाही!

भाचा: थट्टा नको. एकजण घ्यायला तयार आहे. त्याला मी सांगायला बांधील आहे का, एवढंच सांग.

आत्या: तुला काय वाटतं?

भाचा: नाही. मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. मी म्हणतो, "सीजीसी 9.0, पिवळं लेबल." हे शंभर टक्के खरं आहे. एकाहून जास्त तज्ज्ञांनी ती प्रत हाताळली. त्यांच्या नजरेपुढे माझी नजर काय?

आत्या: नजरेचा प्रश्नच कुठे आहे? त्यांनी प्रत पाहून मत दिलं. तू पान बदलताना पाहिलंस. त्यांचं अनुमान आहे, तुझं प्रत्यक्ष.

भाचा: बरं, पण दोष तरी कशाला म्हणायचं? त्याच छापखान्यातलं, त्याच महिन्याचं, त्याच कागदावरचं पान. नक्कल नाही, झेरॉक्स नाही. शिवाय हा धंदा बघ तू. लोक प्रती प्रेस करून घेतात, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन वळ्या काढतात. ग्रेड वाढते. कंपनी त्याला दुरुस्ती मानतच नाही, लेबलवर लिहीत नाही, विकणारा सांगत नाही. मग काय सांगायचं आणि काय नाही, ही रेषा कंपनी आखते. मी का आखू?

आत्या: हा मुद्दा चांगला आहे. पान खोटं नाही, हेही मान्य. पण प्रेसिंग दोष धरत नाहीत हे घेणाऱ्याला ठाऊक असतं ना?

भाचा: सगळ्यांनाच.

आत्या: म्हणजे पिवळं लेबल बघून घेणारा मनात धरून चालतो की प्रत प्रेस केलेली असू शकेल. पान दुसरीकडचं असू शकेल, हे धरतो का?

भाचा: …नाही. असतं तर लेबलवर आलं असतं असंच तो समजणार.

आत्या: कंपनीची रेषा उघड आहे, आणि तू तिच्या आड उभा नाहीस. त्यांच्या नजरचुकीच्या आड उभा आहेस.

(इथे थोडं थांबून सांगायला हवं, की हे भांडण कॉमिकपेक्षा बरंच जुनं आहे. इसवी सनापूर्वी 44 साली रोमन लेखक सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकायला काढलं आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजलं आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणालाच माहीत नाही. बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजिनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. घ्यायला कुणी जबरदस्ती केली नाही, आणि स्वतःच्या मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता हास्यास्पदच. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. मला मात्र डायोजिनिस इतक्या सहज हरवता येईल असं वाटत नाही. सगळं सांगायचं ठरवलं तर बाजार उद्या बंद पडेल. न सांगणं आणि लपवणं ह्यांत फरक आहेच. तो ह्या घरात लागू पडतो का, एवढाच वाद.)

भाचा: कायदा काय म्हणतो? तुमचा तिकडचा.

आत्या: तिकडचा इथे चालणार नाही, पण त्यातला घोडा ऐकण्यासारखा आहे. भारतीय करार कायदा, 1872. कलम 17 म्हणतं, नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे, बोलण्याचं कर्तव्य असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. खाली उदाहरणं दिली आहेत. लिलावात एकजण घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कपट नाही.

भाचा: बघ!

आत्या: पुढे ऐक. तोच घोडा तो आपल्या नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला विकत असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य होतं. नातंच तसं आहे. आणि घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. तुझा खरेदीदार ह्यातलं काय आहे?

भाचा: मुलगी नक्कीच नाही. त्याला मी पाहिलेलंही नाही.

आत्या: त्यानं काही विचारलं?

भाचा: "आतून पूर्ण आहे ना?" एवढंच. मी अजून उत्तर दिलं नाही.

आत्या: मग तू पहिल्या उदाहरणात राहिला नाहीस, तिसऱ्यात गेलास. शिवाय कलम 19 ला एक अपवाद आहे: गप्प राहून फसवलं असलं, तरी घेणाऱ्याला साध्या खबरदारीनं खरं कळण्यासारखं असेल तर तो करार मोडू शकत नाही. घोड्याचे दात बघता येतात, पाय चालवून बघता येतो. ह्या प्लॅस्टिकच्या आत त्यानं काय बघायचं?

भाचा: पेटी फोडू शकतो.

आत्या: आणि फोडली की?

भाचा: पिवळं लेबल गेलं. सही कंपनीच्या माणसासमोर झाली ही साखळी तुटते. लेन वीन 2017 मध्ये वारला, पुन्हा सही मिळणार नाही. साक्षीदार नसेल तर तीच सही म्हणजे मुखपृष्ठावर कुणीतरी खरडलेली शाई. बहुतेक हिरवं लेबल.

आत्या: थांब. परत सांग. शाई तीच?

भाचा: तीच.

आत्या: हात तोच, अक्षर तेच, कागद तोच. कुणी पाहिलं असेल तर ती शाई मोलाची, पाहिलं नसेल तर दोष.

भाचा: हो. तुला विचित्र वाटेल.

आत्या: मुळीच नाही, मी आयुष्यभर कोर्टात हेच केलं. मृत्युपत्रावरच्या सहीचंही असंच असतं. पण मग तुझं मागणं काय आहे ते बघ. ह्या प्रतीच्या बाबतीत दोन घटना घडल्या. एक, सही झाली. ती एकानं पाहिली, म्हणून तू जास्त पैसे मागतोस. दोन, पान बदललं. ते तू पाहिलंस, आणि ती साक्ष मात्र तुला गिळायची आहे. ज्या वस्तूची निम्मी किंमत 'कुणीतरी पाहिलं' ह्यावर उभी आहे, ती विकणाऱ्यानं 'मी पाहिलं ते सोडा' कसं म्हणावं?

भाचा: (बराच वेळ) ठीक. आता माझा शेवटचा मुद्दा, आणि हा तू उडवून लावू नकोस. नुकसान कुणाचं? तो घेईल, कपाटात ठेवील, दहा वर्षांनी विकेल. त्याच्याकडून घेणाराही 9.0 च घेईल. पेटी कुणी उघडणार नाही. ह्या बाजारात आता प्रत कुणी वाचत नाही, आकड्याची देवघेव होते. आकडा शाबूत आहे तोवर सगळे शाबूत.

आत्या: कदाचित कुणाचंच नाही. हे मी खोडू शकत नाही.

भाचा: म्हणजे?

आत्या: म्हणजे नुकसान दाखव म्हणालास तर माझ्याकडे नावानिशी माणूस नाही. एवढंच म्हणेन, की पेट्या उघडत नाहीत हे तुझं गृहीतक कच्चं आहे.

भाचा: ते खरं. 2023 च्या शेवटाला हेच निघालं. कुणीतरी पेट्यांमधल्या चांगल्या प्रती काढून हलक्या घातल्या होत्या, आणि पेटी बदलून मिळण्याची जी सोय असते तिच्यातून ते खपवलं होतं. कंपनीनं ते कबूल केलं, मग लोक आपापल्या पेट्या तपासायला धावले. पण तो सरळ चोरपणा होता.

आत्या: होता. तुला मी त्याच्या रांगेत बसवत नाही. पण त्या दिवशी ज्याच्या हातात पेटी होती त्याचं काय झालं, ते तर पाहिलंस? सगळ्यात शेवटी ज्याच्या हातात उघडते, त्याचं नुकसान. तो कोण हे तुला माहीत नाही, म्हणून तो नाहीच असं तू धरलंस.

भाचा: मग मी काय करू? फोडू?

आत्या: न फोडता परत पाठवता येत नाही का कंपनीकडे?

भाचा: येते. बंद पेटी त्यांच्याकडे गेली तर तेच उघडतात, सहीची साक्षही टिकते. नव्यानं ग्रेड लागेल. पानाची नोंद होईल.

आत्या: मग मघापासून आपण कशावर बोलतोय? मला वाटलं, पानाचं खरं सांगायला सहीचं खरं मोडावं लागतंय. तसं असतं तर पेच होता. तसं नाहीये.

भाचा: भाव पडेल, आत्या. बराच.

आत्या: ते मघाच म्हणाला असतास तर चहा गरम असताना प्यायलो असतो.

(आत्याचा युक्तिवाद मला पटतो, तिचा शेवटचा टोमणा नाही. पैशाचा प्रश्न हा नीतीपेक्षा हलका, असं ज्याच्या वस्तूचा भाव पडायचा नसतो त्याला म्हणणं सोपं असतं. भाच्याने ही प्रत प्रामाणिकपणे घेतली, पानबदल त्याच्यासमोर उघडपणे झाला, ग्रेडरची चूक त्याची नाही. तरी निकाल बदलत नाही: नोंद व्हायला हवी, आणि होईपर्यंत घेणाऱ्याला सांगायला हवं.)

भाचा: त्याला लिहितो. हे बघ. "पत्रांच्या पानाचा कागद बहुधा दुसऱ्या प्रतीतला असावा. लेबलवर नोंद नाही."

आत्या: 'बहुधा' काढ.

भाचा: "पत्रांच्या पानाचा कागद दुसऱ्या प्रतीतला आहे."

आत्या: आणि 'माझ्यासमोर बदलला' घाल.

भाचा: "…दुसऱ्या प्रतीतला आहे, माझ्यासमोर बदलला. लेबलवर नोंद नाही. हवं असल्यास बंद पेटी आधी कंपनीकडे पाठवतो." किंमत किती लावू?

आत्या: ते मला नको विचारूस. आता त्याला सगळं माहीत आहे, त्यालाच विचार.