जड ओझे आणि समुद्रप्रवास

सावनेर येथील आमच्या मंडळीतील एक तरुण नुकताच परदेशी चाकरीस गेला. त्याच्या अनुमतीने हे लिहितो. निघण्याच्या आदल्या सायंकाळी पेटी काट्यावर ठेविली. विमानाची मर्यादा २३ किलो, आणि वजन भरले ३१. तिखट, लोणचे, पापड, पितळी डबा, एकेक जिन्नस आई बाहेर काढी व डोळे पुशी.

ते पाहून आम्हांस प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय आठवला. या प्रवासात हानी होईल, असे पौलाने आधीच बजाविले होते. परंतु शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकिले. पुढे वादळ उठले, तेव्हा त्यांनी प्रथम माल, मग तारवाचे सामान आणि शेवटी गहूदेखील समुद्रात टाकिला. तारू फुटले, परंतु २७६ जिवांपैकी एकही नाश पावला नाही.

आम्ही त्या तरुणास हळूच विचारिले, "बाळा, धुऱ्याच्या तंट्यावरून थोरल्या भावाशी तीन वर्षे धरिलेला अबोला कोणत्या पेटीत भरिलास?" तो मान खाली घालून बसला. मग उठला, आणि त्याच रात्री भावाच्या दारी गेला. पहाटे ती पेटी भावानेच खांद्यावर घेऊन नागपूरच्या गाडीपर्यंत पोहोचविली.

प्रियहो, वादळात जे टाकावेच लागणार, ते उंबरठ्यावरच का उतरवू नये? आपणही लांबच्या प्रवासास निघालो आहो. आज रात्री आपापली पेटी उघडून पाहू या. प्रभू आपणांस तसे सामर्थ्य देवो. आमेन.