न दिसण्याचा दोष कोणाचा?

लग्नात सप्तपदी झाली की भटजी वधूवरांना अंगणात नेऊन अरुंधती दाखवतात. वसिष्ठाशेजारचा तो अंधूक तारा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. पण वसिष्ठ स्वतःच जुळा आहे, हे कळायला दुर्बीण यावी लागली. त्या जुळ्यातला मोठा ताराही पुन्हा जोडीचाच! ते मात्र त्या काळच्या दुर्बिणींना दिसले नाही. १८८९ साली हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग यांनी ते जाहीर केले. त्याच्या वर्णपटातल्या रेषा ठराविक दिवसांनी दुहेरी होत होत्या.

दोन बिंदू फार जवळ आले की भिंगातून त्यांचे डाग एकमेकांत मिसळतात. त्याची मर्यादा रॅले यांनी १८७९ मध्ये सांगितली, आणि आपण ती प्रकाशाच्याच माथी मारली. २०१६ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील त्सांग, नायर आणि लू यांनी पुंजयामिकीच्या गणिताने दाखवून दिले की, दोहोंमधल्या अंतराची माहिती प्रकाशात शाबूत असते. ती हरवते कॅमेऱ्यात. कॅमेरा एवढेच विचारतो, कण कुठे पडला? त्याऐवजी प्रकाश पडण्याआधीच त्याच्या लहरींच्या आकारांप्रमाणे निवडून वेगवेगळ्या वाटांनी सोडावा. मधोमध एकच बिंदू असेल तर त्यांतल्या एका वाटेने काहीच येत नाही. दोन असतील तर तुरळक कण येतात, आणि त्या तुरळकांवरून अंतर काढता येते. अर्थात बिंदू दोन आहेत हे आधी धरावे लागते, त्यांचा मध्यही ठाऊक असावा लागतो.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. एकदा कॅमेऱ्यावर पडलेल्या कणाला दुसरा प्रश्न विचारता येत नाही.

बेळगावकडच्या एका शाळेत मी गणित शिकवीत असे. मागच्या बाकावरची दोन मुले तोंडी परीक्षेत गप्प राहिली. दोघांनाही शून्य देऊन मी मोकळा झालो. ती दोन वेगळी मुले आहेत, असे मी धरलेच नव्हते. एक खरोखरच कच्चा होता. दुसरा वर्षभराने बाजारात भाजीच्या गाडीवर दिसला. पावकिलोचे, दीडकिलोचे हिशेब, सुटे पैसे, सगळे कानडीतून तोंडी चालले होते. मलाही कानडी येत होते, पण परीक्षेत ते वापरायचे मला सुचले नव्हते.

त्याने शाळा सोडली होती. मला ओळखून तो मराठीत म्हणाला, "गुरुजी, किती देऊ?"