आजचं चिंतन : दंड कुणाच्या हातात?



आजचा श्लोक गीता ६.३२. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःवरून ओळखतो, तो भगवंतांच्या मते श्रेष्ठ योगी. श्लोकातला शब्द आहे 'आत्मौपम्य', म्हणजे स्वतःची उपमा घेऊन समोरच्याकडे बघणं. धम्मपदाच्या दंडवग्गातही नेमकी हीच उपमा येते. तिथं विषय आहे दंडाचा, म्हणजे मारायला उचललेल्या काठीचा. दोन परंपरा, पण कसोटी एकच.

ही कसोटी लावून बघायला राजगुरुनगरहून फार लांब जायला नको. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या काळच्या शिल्पकारांनी इथं बुद्धाची मूर्ती घडवली नाही, स्तूप कोरला. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, ते सातवं लेणं मुळात भिक्खूंचा विहार आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूप आहे. तिथं बहुतेक जण फोटो काढून पुढं जातात. खरं तर हात दोन्हीकडे जोडावेत.

शिवनेरीच्या कड्यातही लेणी आहेत. जुन्नर परिसरातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कुणी धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, कुणी लांबून आलेला यवन. दगडानं ती नावं आजवर सांभाळली.

त्याच शिवनेरीच्या माथ्यावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला आणि पकडलेल्यांची मुंडकी इथं उडवली गेली, असं परंपरा सांगते. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. खाली करुणेचं चिन्ह, वर दंडाची खूण, आणि डोंगर एकच!

इथं कुणी म्हणेल, 'बंड म्हणजे हिंसाच ना? मग स्तूपाला आणि बंडखोराला एकाच मनानं नमस्कार कसा करायचा?' प्रश्न रास्त आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे महादेव कोळीच. सावकारांनी गिळलेल्या जमिनी आणि कंपनी सरकारचा जाच, याविरुद्ध त्यांनी शस्त्र उचललं. १८४८ मध्ये ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

मला वाटतं, बंडातली प्रत्येक कृती पवित्र मानायची गरज नाही. पण आत्मौपम्याचा प्रश्न आधी कुणाला विचारायचा, याला महत्त्व आहे. दंड ज्याच्या हातात आहे त्याला आधी विचारायचं. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला नंतर. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. पिचलेल्याला शांतीचे धडे देतो आणि पिचवणाऱ्याला काहीच विचारत नाही. समदृष्टी शिकवणारी गीतासुद्धा रणांगणावरच सांगितली गेली, हे विसरून कसं चालेल?

आणि हा जुना इतिहास नाही. भीमाशंकरच्या जंगलात महादेव कोळी आजही राहतात. १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं प्रस्तावनेतच आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि कसत्या जमिनीवरचा, जंगलावरचा त्यांचा हक्क ओळखला. पण हक्क कागदावरून शिवारात उतरायला गावाला झगडावं लागतं. आपण मात्र तिथं वीकेंडला जातो, दर्शन घेतो, धबधबा बघतो आणि परत येतो.

आपल्या गावानं एका हुतात्म्याचं नाव धारण केलंय. खेडचं राजगुरुनगर झालं, याचा आपल्याला अभिमान आहे. मग ज्यांची नावं उरली नाहीत, त्यांचं काय?

आजचा संकल्प : शिवनेरीला गेलात तर कोळी चौथऱ्यापाशी दोन मिनिटं थांबा, गाभाऱ्यासमोर थांबतो तसं. भीमाशंकरला गेलात तर जेवू घालणाऱ्या मावशींना एवढं विचारा, 'तुमच्या जमिनीचा दावा मंजूर झाला का?' आणि उत्तर नीट ऐकून घ्या. आजची साधना तीच.

॥ राम कृष्ण हरी ॥